पंडिता रमाबाई ह्यांचें बहिरेपण

पंडिता रमाबाईंचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्यांस ऐकूं कमी येत असे, हें थोड्यांसच ठाऊक असेल. 1883 सालीं वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें त्या विलायतेस गेल्या. कान अधू असल्यामुळें तो बेत सोडावा लागला. तरी त्या खचल्या नाहींत. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत संस्कृत शिकवूं लागल्या.

1889 सालीं त्यांनीं मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन काढलें. त्याच वर्षीं मुंबईच्या सामाजिक परिषदेंत त्या बोलावयास उभ्या राहिल्या, तों सभेंत गलबला. बाई शांतपणें थांबल्या. स्त्रीस आवाज बळकट करण्याची संधि पुरुषांनीं कधीं दिलीच नाहीं, तेव्हां आपला आवाज बारीक असल्यास नवल नाहीं, असा चिमटा त्यांनीं घेतल्याचें सांगतात. जिला स्वतःस कमी ऐकूं येई, तिनें सभेस ऐकावयास शिकविलें! हल्लीं शिवाजी पार्कावरील सभांत ध्वनिक्षेपक असतात. बाईंपाशीं धीर व विनोद एवढींच साधनें होतीं.

पुढें केडगांवीं मुक्तिसदन चालवीत असतां त्यांनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें सोपें मराठी भाषांतर केलें. 5 एप्रिल 1922 रोजीं त्या निवर्तल्या.

गांवांत कोणास कमी ऐकूं येत असेल, तर त्यास हंसूं नये. जवळ बसून त्याच्याबरोबर हंसावें, अशी आमची विनंति आहे.