लोकमान्य टिळक आणि मधुमेह
बाळ गंगाधर टिळक (२३ जुलै १८५६, रत्नागिरी – १ ऑगस्ट १९२०, मुंबई) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्याचे अग्रणी नेते, 'केसरी'चे संपादक, गणिती आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक होते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना मधुमेह होता. त्या काळी या रोगावर आहारनियमनाखेरीज खात्रीचा उपाय नव्हता. १९०८ ते १९१४ या काळात ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात त्यांनी सहा वर्षांची शिक्षा भोगली. त्या काळातील त्यांचे पथ्य हा इन्सुलिनपूर्व काळातील आहारोपचाराचा मराठी वाचकांना परिचित असलेला ठळक दाखला आहे.

प्रकृती आणि पूर्वायुष्य

टिळकांचे मूळ गाव दापोलीजवळचे चिखलगाव. वडील गंगाधरपंत शिक्षक व नंतर शिक्षणखात्यात अधिकारी होते. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले. १८७१ मध्ये टिळकांचा विवाह सत्यभामाबाई यांच्याशी झाला व पुढल्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा त्यांची शरीरयष्टी किरकोळ होती. पहिले वर्ष त्यांनी अभ्यास जवळजवळ बाजूस ठेवून तालीम, कुस्ती आणि पोहणे यांत घालविले. परीक्षेच्या दृष्टीने ते वर्ष वाया गेले, परंतु पुढील दगदग आणि तुरुंगवास सोसणारे शरीर त्या वर्षाने घडविले, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

१८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा', १८८२ मध्ये बर्वे प्रकरणात आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, असा त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ झाला. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातील कांदा-लसूण घातलेले अन्न त्यांना चालत नसे. त्यामुळे ते बहुधा कोरड्या भाकरीवरच राहत व त्यांचे वजन बरेच घटले. सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीपूर्वी सुटल्यावर प्रकृती सुधारण्यासाठी ते सिंहगडावर जाऊन राहिले.

ताईमहाराज प्रकरण व औरंगाबाद

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार टिळक विश्वस्त झाले. जून १९०१ मध्ये बाबामहाराजांच्या विधवा पत्नी ताईमहाराज, टिळक आणि दादासाहेब खापर्डे हे निजामाच्या राज्यातील औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे गेले. तेथे पंडित घराण्याच्या निधोने शाखेतील जगन्नाथ या मुलास दत्तक घेण्यात आले. पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांनी हे दत्तकविधान नाकारले व कोल्हापूरच्या मुलास दत्तक घेतले. यातून निघालेले दिवाणी व फौजदारी खटले चौदा वर्षे चालले. १९०३ मध्ये टिळकांना शिक्षाही झाली. ती अपिलात कमी होऊन १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. औरंगाबादचे दत्तकविधान वैध असल्याचा अंतिम निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्ये दिला. मधल्या काळात, १९०३ मध्ये, थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने दगावला. या ताणामुळेच त्यांना मधुमेह जडला असे काही वेळा सांगितले जाते. रोगाच्या उत्पत्तीत अनुवंशिकता, वय, आहार व शरीरश्रम यांचाही वाटा असल्याने हे विधान ठामपणे करता येत नाही. प्रौढ वयात सुरू होऊन इन्सुलिनशिवाय अनेक वर्षे आटोक्यात राहिलेला हा रोग आजच्या वर्गीकरणानुसार टाइप २ प्रकारात मोडण्याची शक्यता अधिक आहे.

तत्कालीन वैद्यकीय ज्ञान

विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तातील साखर मोजणे नित्याचे नव्हते. लघवीत उतरणारी साखर रासायनिक द्रावणाने तपासून डॉक्टर रोगाचा अंदाज घेत. रक्तातील साखर बरीच वाढल्यावरच ती लघवीत उतरते. त्यामुळे लघवी स्वच्छ आढळली तरी रोगी बरा झाला असे होत नसे. फ्रेंच वैद्य बुशार्दा यांनी १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यात अन्नटंचाईमुळे मधुमेही रुग्णांची लक्षणे कमी झाल्याचे नोंदविले होते. पिष्टमय पदार्थ कमी करावेत, याविषयी युरोपात बहुतेक वैद्यांचे एकमत होते. तथापि त्यांच्या जागी मांस व चरबी देण्याचा तेथील प्रघात शाकाहारी रुग्णाच्या उपयोगाचा नव्हता.

आयुर्वेदाची परंपरा याबाबतीत वेगळी होती. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णासाठी जव हे मुख्य धान्य सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत निर्धन रुग्णाने लांब पायी प्रवास करावा किंवा विहीर खणावी, असा उपाय येतो. म्हणजे आहाराबरोबर श्रमाचे महत्त्वही ओळखले गेले होते. जवात विद्राव्य तंतू अधिक असतात. ते पचनमार्गात चिकट होऊन शर्करेचे शोषण मंदावतात. त्यामुळे भात किंवा मैद्याच्या मानाने जवाने रक्तातील साखर सावकाश चढते, असे आधुनिक आहारशास्त्रही मानते.

मंडालेतील पथ्य

२२ जुलै १९०८ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. प्रथम त्यांना साबरमतीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे नेहमीच्या तुरुंगी अन्नावर त्यांचे वजन झपाट्याने उतरले, तेव्हा आहारात थोडी सवलत मिळाली. पुढे शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत झाले आणि सप्टेंबर १९०८ मध्ये त्यांना समुद्रमार्गे ब्रह्मदेशात नेऊन मंडालेच्या किल्ल्यातील तुरुंगात ठेवण्यात आले. लाकडी फळ्यांची ही कोठडी उन्हाळ्यात भट्टीसारखी तापे व हिवाळ्यात थंडीला अडवीत नसे.

मधुमेही माणसाला तुरुंगाचा शिधा दोन्ही बाजूंनी घातक होता. तांदूळ व गहू पोटभर खावेत तर साखर वाढे, सोडावेत तर अशक्तपणा व वजनघट ठरलेली. टिळकांना स्वयंपाकासाठी कुलकर्णी आडनावाचा एक मराठी ब्राह्मण कैदी देण्यात आला आणि वैद्यकीय कारणास्तव वेगळा आहार घेण्याची परवानगी मिळाली. भात व गव्हाचे पदार्थ दूर ठेवून जवाच्या पिठाचे पदार्थ हा त्यांच्या जेवणाचा मुख्य भाग झाला. कुलकर्णी यांनी सुटकेनंतर सांगितलेल्या आठवणींमुळे या दिनक्रमाची माहिती महाराष्ट्रास झाली.

ही सवलत म्हणजे चैन नव्हती. एकच धान्य वर्षानुवर्षे, परक्या हवेत, घरच्या माणसाविना खाणे हीच शिक्षेची दुसरी बाजू होती. त्यांना घरी ठराविक अंतराने पत्र लिहिता येई. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या या पत्रांत पुस्तकांच्या याद्या, खटल्याच्या सूचना, मुलांचे शिक्षण आणि स्वतःच्या प्रकृतीचे वर्तमान असे सारे एकत्र येते. प्रकृतीविषयी ते कामकाजाइतक्याच कोरडेपणाने लिहीत. अटी मान्य करून सुटका करून घेण्यास त्यांनी नकार दिला होता. म्हणून पूर्ण मुदत जिवंत राहून काढणे हाच त्यांच्यापुढील एकमेव मार्ग होता आणि पथ्य हे त्याचे साधन होते. काही काळ तुरुंगात कॉलऱ्याची साथ आल्याने त्यांना मिक्टिला येथे हलविण्यात आले.

पथ्याने आलेल्या स्थैर्याचा उपयोग त्यांनी वाचनलेखनासाठी केला. जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांचा अभ्यास त्यांनी येथेच केला. 'गीतारहस्य' हा ग्रंथ त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, पेन्सिलीने लिहून काढला. सुटे कागद देण्याची मनाई असल्यामुळे पृष्ठांक घातलेल्या बांधीव वह्यांत हे लेखन झाले. ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

सत्यभामाबाईंचा मृत्यू

सत्यभामाबाई याही मधुमेहाने आजारी होत्या. पती तुरुंगात असताना त्यांनी स्वतःचे राहणे व खाणे अत्यंत साधे ठेवले होते. ७ जून १९१२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ही वार्ता टिळकांना मंडालेत तारेने कळली. एकाच घरातील दोघांना एकच रोग असताना पुण्यात घरी असलेल्या पत्नीचा अंत आधी झाला आणि तुरुंगातील पती वाचला. मधुमेहाची तीव्रता व्यक्तीगणिक वेगळी असल्याने यावरून पथ्याच्या परिणामाविषयी अनुमान काढणे योग्य नाही. पत्नीच्या निधनानंतर टिळकांनी सुमारे दोन वर्षे तुरुंगात काढली.

सुटकेनंतर

जून १९१४ मध्ये मध्यरात्रीच्या सुमारास टिळकांना पुण्यात त्यांच्या वाड्यापाशी आणून सोडण्यात आले. १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग स्थापन केली, त्याच वर्षी लखनौ करार घडून आला. साठाव्या वाढदिवशी लोकांनी दिलेली एक लाख रुपयांची थैली त्यांनी राष्ट्रकार्यास दिली. दौरे, सभा व रात्रीचे प्रवास यांमुळे मंडालेतील एकसुरी शिस्त टिकविणे अवघड झाले. तुरुंगाने सक्तीने दिलेली नियमितता बाहेरच्या जगात मिळणारी नव्हती. चिरोल यांच्यावरील बदनामीच्या दाव्यासाठी ऑक्टोबर १९१८ ते नोव्हेंबर १९१९ हा काळ त्यांना मुख्यतः लंडनमध्ये काढावा लागला. दावा ते हरले व खर्चाचा मोठा बोजा पडला.

जुलै १९२० मध्ये ते मुंबईस सरदारगृहात उतरले असताना त्यांना ताप आला. तापाचे पर्यवसान न्यूमोनियात झाले. मधुमेहात जंतुसंसर्गाशी झुंजण्याची शक्ती कमी होते व प्रतिजैविके तर अजून अस्तित्वातच नव्हती. १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्र उलटल्यावर त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी पावसात गिरगाव चौपाटीवर, स्मशानाऐवजी समुद्रकिनारी, त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. पुढील वर्षी टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णास टोचण्यात आले.