आचार्य नंदलाल बोस : एका विद्यार्थ्याची गोष्ट

भारताच्या राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत ज्यांच्या आणि ज्यांच्या शिष्यांच्या हातांनी सजली, ते आचार्य नंदलाल बोस वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत नातलगांच्या दृष्टीने वाट चुकलेले तरुण होते. परीक्षेत वारंवार नापास, लग्न झालेले, कमाई शून्य, आणि पाठ्यपुस्तकांसाठी मिळालेले पैसे चित्रांच्या मासिकांवर उडवणारे. आपल्या घरात असा मुलगा असता तर आपण त्याला काय बोललो असतो, हा प्रश्न त्यांचे चरित्र वाचताना मनात येतो आणि थोडे अवघडायला होते.

नंदलाल यांचा जन्म 3 डिसेंबर 1882 रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातल्या खडगपूर या गावी झाला. (आज अभियांत्रिकी शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेले बंगालमधले खडगपूर ते हे नव्हे.) वडील पूर्णचंद्र बोस दरभंगा संस्थानाच्या सेवेत होते. आई क्षेत्रमणीदेवी यांच्या हातात कला होती. मुलासाठी त्या घरीच खेळणी आणि बाहुल्या बनवत. ही आई नंदलाल लहान असतानाच गेली. पण तिच्या बोटांमधले काहीतरी मुलात उतरले होते. गावातल्या कुंभारांच्या, मूर्ती घडवणाऱ्यांच्या दारात हा मुलगा तासन् तास बसून राही. चाकावरचा मातीचा गोळा हळूहळू कसा उठतो, मूर्तीच्या डोळ्यांत शेवटची रेघ कशी ओढली जाते, हे तो पाहत असे. घरी येऊन तो स्वतः माती मळायचा. पूजेच्या दिवसांत मंडप सजवण्यात त्याचा पुढाकार असे. त्याची पहिली कलाशाळा हीच होती.

पुढील शिक्षणासाठी त्यांना कलकत्त्याला पाठवण्यात आले. प्रवेश परीक्षा कशीबशी पार पडली, पण महाविद्यालयात गाडी अडली. एफ.ए.च्या परीक्षेत अपयश आले. महाविद्यालय बदलले, तरी निकाल तोच. मग वाणिज्य शाखेत नाव घातले, तिथेही मन लागेना. पुस्तकाच्या समासात चित्रे उमटत. या काळात ते भेटेल त्या चित्राची नक्कल करत होते. युरोपीय चित्रकारांच्या छापील प्रतींवरून त्यांनी चित्रे काढली, राजा रविवर्मा यांच्या धर्तीवरही काढली. मेहनत खरी होती, पण त्यात नंदलाल कुठेच नव्हते. उसन्या डोळ्यांनी पाहणे ही त्यांची विद्यार्थीदशेतली पहिली मोठी चूक म्हणता येईल. मात्र नक्कल करता करता हात तयार झाला, हेही विसरून चालणार नाही.

अशातच एका मासिकात त्यांनी अवनींद्रनाथ टागोर यांची चित्रे पाहिली. बुद्ध आणि सुजाता यांचे ते चित्र पाहून त्यांना वाटले, आपले गुरू हेच. चित्रांची गुंडाळी काखेत मारून ते एका मित्राबरोबर कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत जाऊन थडकले. साल होते 1905. शाळेचे प्राचार्य ई. बी. हॅवेल हे इंग्रज असले तरी त्यांनी एक धाडसी काम केले होते. विद्यार्थ्यांनी आंधळेपणाने गिरवाव्यात म्हणून ठेवलेल्या युरोपीय कलाकृती त्यांनी बाजूला काढल्या आणि तिथे मुघल व राजपूत चित्रे आणली. यावर खुद्द भारतीय विद्यार्थ्यांनीच निषेध केला होता! आपल्याला आपल्याच घरातल्या वस्तू तुच्छ वाटाव्यात, अशी तेव्हाची अवस्था होती.

नंदलाल यांची परीक्षा घेतली गेली. शाळेत लाला ईश्वरीप्रसाद नावाचे पाटण्याच्या पारंपरिक चित्रशैलीतले उस्ताद शिकवत असत. नंदलाल यांनी सिद्धिदाता गणेशाचे चित्र काढून दाखवले. त्यांना प्रवेश मिळाला. ज्या मुलाला कुठल्याच वर्गात पुढे सरकता येत नव्हते, तो इथे पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखा बसला.

अवनींद्रनाथांची शिकवण्याची रीत वेगळी होती. ते वर्गात पुराणकथा सांगत, काव्य ऐकवत आणि विद्यार्थ्याला त्याचा विषय सापडेपर्यंत वाट पाहत. विषय बाहेरून लादायचा नाही, तो आतून उगवू द्यायचा, अशी त्यांची धारणा होती. या शांत, बुजऱ्या विद्यार्थ्याच्या हातून मग शिव, सती, कर्ण, सावित्री असे एकेक विषय उतरू लागले. 1908 मध्ये प्राच्य कला मंडळाच्या प्रदर्शनात त्यांच्या शिव-सतीच्या चित्राला पाचशे रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. घरी देणी असतील, गरजा असतील. पण नंदलाल यांनी त्या पैशांतून देश पाहायचे ठरवले. काशी, आग्रा, दिल्ली, मथुरा करत ते फिरले, पुढे दक्षिणेतली मंदिरेही पाहिली. प्रेरणा कुठून मिळते, असे विचारणाऱ्याला त्यांच्या आयुष्यातून सरळ उत्तर मिळते. ते पाहायला जात.

याच काळात भगिनी निवेदिता यांचा सहवास लाभला. कलाशाळेत त्यांची चित्रे पाहून निवेदितांनी त्यांना आपल्या बागबाजारातल्या घरी बोलावले. निवेदिता कौतुक करत आणि चूकही स्पष्ट दाखवत. नंदलाल यांनी काढलेल्या कालीमातेच्या अंगावर त्यांना फार वस्त्रे दिसली. हे कालीचे रूप नव्हे, असे त्यांनी सांगितले आणि स्वामी विवेकानंदांची कालीवरची कविता वाचायला सुचवले. चूक रेषेत नव्हती. ज्या देवतेचे चित्र काढायचे, तिच्यापुढे चित्रकार पुरेसा थांबला नव्हता, संकोचाने त्याने तिला झाकून टाकले होते. हात सुधारायला सराव लागतो, पण अशी चूक सुधारायला वेगळेच काही लागते, हे तरुण नंदलाल यांना तिथे उमगले असावे.

निवेदितांच्याच आग्रहाने एक मोठी गोष्ट घडली. 1909-10 च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या चित्रकर्ती अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्यासाठी आल्या होत्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांना पाठवण्यात आले. तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होते. महाराष्ट्रातल्या वाचकांनी अजिंठा कधी सहलीत, कधी घाईत पाहिलेले असते. नंदलाल मात्र त्या अंधाऱ्या लेण्यांत दिवसचे दिवस भिंतीसमोर राहिले. ज्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत अशा भिक्षू-कारागिरांची एकेक रेषा ते आपल्या हाताने पुन्हा ओढत होते. ही देखील नक्कलच होती. पण कलकत्त्यातल्या छापील चित्रांची नक्कल आणि ही नक्कल यांत अंतर होते. तिथे वरवरचे रूप उचलले जात होते, इथे बोट, मान, पापणी यांची वळणे कुठून जन्माला येतात ते शोधले जात होते. अवनींद्रनाथांच्या शैलीत चित्र पाण्यात बुडवून, रंगाचे पातळ थर देऊन धुक्यासारखा परिणाम साधत. अजिंठ्याहून परतल्यावर नंदलाल यांच्या चित्रांत या धुक्यामागे ठाम रेषा उभी राहू लागली. 1921 मध्ये ते ग्वाल्हेर संस्थानातल्या बाघ लेण्यांतही याच कामासाठी गेले.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

नंदलाल यांनी उमेच्या तपस्येचे एक मोठे चित्र काढले. शिवासाठी सर्व सोडून कठोर तप करणारी उमा. चित्रभर भगव्या छटा, दुसरा रंग जवळजवळ नाही. ते चित्र त्यांनी गुरूंना दाखवले. अवनींद्रनाथांना ते फार कोरडे वाटले. निदान कपाळी थोडे चंदन, एखादे जास्वंदीचे फूल, काहीतरी रंग द्यावा, असे त्यांनी सुचवले. नंदलाल काही न बोलता चित्र घेऊन घरी गेले. गुरूंनी चूक दाखवली आहे, ती दुरुस्त करायची, एवढेच त्यांच्या मनात.

त्या रात्री अवनींद्रनाथांना झोप लागली नाही. अंथरुणात पडल्या पडल्या विचार सुरू झाला. आपण रंग द्यायला का सांगितला? नंदलालने उमेला जसे पाहिले तसे आपण पाहिले आहे का? तपाने दगडासारखी झालेली ती, तिच्या अंगावर रंग येणार कुठून? पहाट होताच ते उठले आणि शिष्याच्या घरी धावले. आत जाऊन पाहतात तो समोर चित्र उभे, हातात कुंचला, आणि नंदलाल रंग लावण्याच्या बेतात! गुरूंनी त्यांना तिथेच थांबवले. आणखी थोडा उशीर झाला असता तर एका उत्तम चित्राचा आपल्या हातून नाश झाला असता, ही जाणीव त्यांना पुढे कायम राहिली.

ही हकीकत आपल्याला कळली ती स्वतः अवनींद्रनाथांमुळे. राणी चंद यांना सांगितलेल्या आठवणींत त्यांनी ती मोकळेपणाने नमूद केली आहे. शिष्याच्या चुका सांगणारे गुरू पुष्कळ असतात. आपली चूक कळताच रात्र तळमळत काढणारा आणि उजाडताच शिष्याच्या दारात उभा राहणारा गुरू विरळा. नंदलाल यांच्या आज्ञाधारकपणाचेही नवल वाटते, आणि खरे सांगायचे तर थोडी भीतीही वाटते. गुरू पहाटे आले नसते तर?

रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून नंदलाल शांतिनिकेतनात आले आणि 1922 पासून कलाभवनाचे प्रमुख झाले. विद्यार्थी त्यांना मास्टरमशाय म्हणत. वर्गात ते कमी बोलत. खिशात कोरी कार्डे असत. झाड, बैल, वाटेने जाणारे संथाळ स्त्री-पुरुष, जे दिसेल ते कार्डावर उतरत असे, आणि ती कार्डे पत्र म्हणून विद्यार्थ्यांना व मित्रांना जात. एका डोळ्याने अंध आणि दुसऱ्याने अधू असलेले विनोदबिहारी मुखर्जी त्यांच्याच हाताखाली तयार झाले. 1925 मध्ये बांकुड्याहून रामकिंकर बैज हा गरीब घरातला मुलगा आला. त्याचे काम पाहून, तुला तर सगळे येतेच, तरी दोन-तीन वर्षे राहा, अशा अर्थाचे काहीतरी नंदलाल त्याला म्हणाले. ती दोन-तीन वर्षे कधी संपलीच नाहीत, रामकिंकर आयुष्यभर तिथेच राहिले. पुढे रामकिंकर तैलरंगात काम करू लागले. मास्टरमशायांना तैलरंग पसंत नव्हते. तरीही शिष्य आपल्या वाटेने गेला आणि भारतातल्या थोर शिल्पकारांत गणला गेला. उमेच्या चित्राजवळची ती पहाट इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

शिकवू लागल्यावरही नंदलाल यांचे शिकणे थांबले नाही. भिंतीवरची चित्रे टिकावीत म्हणून 1927 मध्ये त्यांनी जयपूरहून नरसिंगलाल नावाच्या मिस्त्रीला बोलावले. ओल्या चुन्यावर रंग देऊन तो दगडाने घोटण्याची राजस्थानी रीत या मिस्त्रीला अवगत होती. कलाभवनाचे प्रमुख आपल्या विद्यार्थ्यांसह त्याच्याकडून धडे घेऊ लागले.

1936 च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. तिथल्या सजावटीचे काम गांधीजींनी नंदलाल यांच्यावर सोपवले. आपण चित्रकार, बांधकामातले आपल्याला काय कळते, असा संकोच त्यांना वाटला, पण त्यांनी काम स्वीकारले. बांबू, चटया, गावात मिळेल ते सामान वापरून नगर सजले आणि गांधीजींनी त्यांचे जाहीर कौतुक केले. 1938 मध्ये गुजरातमधल्या हरिपुरा अधिवेशनासाठी तर त्यांनी हातकागदावर, साध्या मातीच्या रंगांत चित्रांची रांगच उभी केली. नंदलाल आणि त्यांचे सहकारी मिळून सुमारे चारशे चित्रे झाली, त्यातली ऐंशीहून अधिक त्यांची स्वतःची. त्यांत ढोलकीवाला आहे, चांभार आहे, सुतार आहे, पहिलवान आहे, आणि खडगपूरच्या त्या मुलाने ज्याच्या दारात बसून पहिले धडे घेतले तो कुंभारही आहे. ही चित्रे मोठ्या दालनांत नव्हे, तर येणाऱ्या-जाणाऱ्या खेडुतांना वाटेवर दिसावीत अशी लावली होती.

1951 मध्ये ते कलाभवनातून निवृत्त झाले. श्रीरामकृष्णांच्या कामारपुकुर या जन्मगावी त्याच वर्षी जे मंदिर उभे राहिले, त्याचा आराखडा त्यांचाच. 1954 मध्ये पद्मविभूषण मिळाले. पुढे प्रकृतीने साथ सोडली तेव्हा मोठी चित्रे बाजूला राहिली. उरली काळी शाई, कुंचला आणि लहान कागद. त्यावर डोंगर, झाडे, बकऱ्या, चालणारी माणसे मोजक्याच फटकाऱ्यांत उतरत राहिली. 16 एप्रिल 1966 रोजी त्यांचे निधन झाले.