शास्त्रांतील पासंग

लातूरच्या अडतींत वा नांदेडच्या बाजारांत पासंग पाहिल्यावांचून माल न जोखणारे आमचे व्यापारी बंधु शास्त्रज्ञाच्या तराजूवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवितात. त्यांनीं इरावतीबाई कर्वे यांचें चरित्र अवश्य पाहावें.

ब्रह्मदेशांत १९०५ सालीं जन्मलेल्या व महर्षि कर्वे यांच्या स्नुषा झालेल्या या विदुषी १९२८ सालीं बर्लिनला गेल्या. तेथील मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख प्रो. ओयगेन फिशर यांनीं निकाल आधींच लिहून ठेविला होता. साक्षीपुरावा तेवढा गोळा व्हावयाचा होता. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात व ही असमानता श्रेष्ठ तर्कबुद्धीची खूण होय, असें त्यांचें मत. इरावतीबाईंनीं १४९ कवट्या मोजल्या. असमानतेचा वंशाशीं संबंध जुळेना. ज्या गुरूच्या हातीं पदवी, त्याच्याच मताविरुद्ध या तरुण हिंदी स्त्रीनें तसें लिहून दिलें! पदवी तरीहि मिळाली.

फिशर १९३३ सालीं बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९३७ सालीं ऱ्हाइन प्रांतांतील मिश्रवंशीय मुलांची सक्तीनें नसबंदी झाली, तिला याच संस्थेंतील शास्त्रज्ञांचें साह्य होतें.

इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत होत्या. महाराष्ट्रांतील जातींचीं शरीरमापें त्या पुढेंहि घेत राहिल्या. मोजपट्टीवरील त्यांची ही श्रद्धा आम्हांस अंमळ अधिकच वाटते.