प्राणवायूचा हिशेब मांडणारे योगी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेला मामांकडे गेलो होतो. मामा उधन्याला राहतात आणि कापड बाजारात एका पेढीवर हिशेब लिहितात. वर्षभर ते फार उदास होते. जेवण नको, झोप नाही, माणसे नकोत. दाबाच्या खोलीत बसवून शुद्ध प्राणवायू दिला की उदासी जाते, असे कुणीतरी मामींना सांगितले होते. मामी पाटल्या मोडायला निघाल्या होत्या. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, मला वैद्यक काय कळणार? पण त्या वेळी मला स्वामी कुवलयानंद आठवले.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेतील डभोई येथे. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते बडोद्याच्या कॉलेजात शिकले. राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले, तर नर्मदाकाठी मालसरच्या माधवदासजींकडून योग घेतला. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. ते महाविद्यालय सरकारने १९२० मध्ये बंद पाडले.

नोकरी गेली, पण जिज्ञासा गेली नाही. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी योगक्रियांची तपासणी सुरू केली. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. गांधीजींनीही प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता. १८ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले.

मला त्यांची थोरवी वाटते ती एका गोष्टीत. प्राणायामाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही होती, आजही आहे. योगाचा प्रचारक असूनही त्यांनी ती सोयीची समजूत उचलून धरली नाही. मोजमाप करून त्यांनी सांगितले की, प्राणायामाचे मोल जादा प्राणवायूत नसून मज्जासंस्थेवरील परिणामात आहे. आमच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर निरोगी माणसाचे रक्त प्राणवायूने सुमारे ९७ टक्के भरलेलेच असते. भरलेल्या खात्यात आणखी जमा ती किती होणार?

उदासी आणि प्राणवायू यांवर संशोधन चालूच आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका प्रयोगात रुग्णांना महिनाभर रात्री झोपेत ३५ टक्के प्राणवायूची हवा दिली आणि त्यांपैकी अनेकांना बरे वाटले. पण रुग्ण थोडेच होते. तेवढ्यावरून तो रुळलेला उपचार ठरत नाही. मग पाटल्या कशाच्या भरवशावर मोडायच्या?

हे मी मामींना माझ्या परीने समजावले. दुसऱ्या दिवशी आम्ही मामांना सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. औषधे सुरू झाली. सकाळी थोडे चालणे आणि संथ श्वसन हेही डॉक्टरांनी सांगितले, पण औषधाच्या जोडीने, औषधाऐवजी नव्हे.

मी निघालो तेव्हा मामा स्टेशनवर पोचवायला आले होते. फार बोलले नाहीत. पण गाडी सुटेपर्यंत उभे राहिले आणि परीक्षा कधी आहे, हे त्यांनी आपण होऊन विचारले. मामींच्या हातात पाटल्या तशाच होत्या.