वाल्डेमार हाफकिन
वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. तेथे अहोरात्र खपून त्यांनी प्लेगप्रतिबंधक लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

१९०२ मध्ये तत्कालीन पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर येऊन त्यांचे पद गेले. वस्तुतः बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. नामवंत वैज्ञानिकांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले.

परळच्या ज्या प्रयोगशाळेतून त्यांना जावे लागले, तिला १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.