ज्याच्या नावाचा सुरा जगभर विकला गेला, त्याचा स्वतःचा सुरा मात्र कुणालाच सापडला नाही

१९६० च्या दशकात लंडनमधल्या डेव्हिड जोन्स नावाच्या पोराला गायक म्हणून नाव काढायचं होतं. पण अडचण अशी झाली की डेव्ही जोन्स नावाचा दुसरा एक गायक आधीच गाजत होता. मग या पोरानं अमेरिकेच्या इतिहासातून एक आडनाव उचललं आणि तो डेव्हिड बोवी झाला.

ते आडनाव होतं जिम बोवीचं. टेक्सासमध्ये त्याचा उच्चार बूई असा करतात. या जिमच्या नावानं एक सुरा जगभर ओळखला जातो, बोवी नाईफ. न दुमडणारं लांब पातं आणि टोकाकडे पाठीवर कापलेला बाक, हॉलिवूडच्या सिनेमात शिकाऱ्याच्या कमरेला दिसतो तोच.

पण खुद्द जिमच्या कमरेला जो सुरा होता, तो असा दिसतच नव्हता.

जेम्स उर्फ जिम बोवीचा जन्म १७९६ चा, अमेरिकेतल्या केंटकीचा. तो लहान असतानाच घरदार लुइझियानात आलं. दलदल, जंगल आणि नद्यांचा तो मुलुख. तिथं पोरं शिकार करतच मोठी व्हायची. जिम फ्रेंच आणि स्पॅनिश बोलायला शिकला. थोरला भाऊ रेझिन आणि तो, दोघांची जोडी कायम सोबत.

या जोडीनं पहिला मोठा पैसा कमावला तो माणसं विकून.

१८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला बंदी होती. पण गॅल्व्हस्टन बेटावर ठाण मांडून बसलेला जीन लफीत नावाचा चाचा स्पॅनिश जहाजं लुटायचा आणि त्यावरची माणसं विकायचा. बोवी बंधू त्याच्याकडून माणसं घ्यायचे, तीही वजनावर, एका पौंडाला एक डॉलर या भावानं.

पुढची आयडिया आणखी भयंकर होती. तस्करी करून आणलेल्या गुलामांची खबर ते स्वतःच सरकारला द्यायचे. सरकार त्या माणसांना जप्त करून लिलावात काढायचं आणि कायद्यानुसार खबर देणाऱ्याला लिलावाची अर्धी रक्कम मिळायची. लिलावात बोली लावणारे पुन्हा बोवी बंधूच! म्हणजे अर्धे पैसे परत आणि हातात सरकारी कागद. आता ती माणसं कुठंही उघड विकता यायची. या धंद्यात ६५ हजार डॉलर मिळाले, असं त्यांच्याच एका भावानं नंतर सांगितलं.

त्यानंतर जिम जमिनीच्या व्यवहारात उतरला. तिथंही स्पॅनिश काळातल्या जमिनीची खोटी कागदपत्रं बनवून त्यानं मोठमोठे दावे ठोकले. पुढं कोर्टात हे दावे कोसळले.

एवढं करून जिम बोवी प्रसिद्ध झाला तो मात्र एका मारामारीमुळे.

लुइझियानाच्या रॅपिड्स भागातला शेरीफ नॉरिस राइट आणि जिम यांचं हाडवैर होतं. १८२६ मध्ये राइटनं जिमवर गोळी झाडली. जिम वाचला. त्यानंतर रेझिननं धाकट्या भावाला आपला शिकारीचा सुरा दिला, जवळ असू दे म्हणून.

१९ सप्टेंबर १८२७. मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या पट्ट्यावर, नॅचेझ गावाजवळ, दोन वेगळ्याच माणसांचं द्वंद्व ठरलं होतं. दोघांनी गोळ्या झाडल्या, नेम चुकले, हात मिळवून विषय संपला. पण सोबत आलेल्या दोन्हीकडच्या मंडळींचा संपला नव्हता. त्यांच्यात जुंपली.

जिमच्या कमरेत गोळी घुसली. राइटनं काठीत लपवलेल्या तलवारीनं त्याला भोसकलं. पडलेल्या जिमनं राइटला खाली ओढलं आणि सुरा त्याच्या छातीत खुपसला. राइट जागीच गेला. जिम जखमी होऊनही जगला. ही बातमी अमेरिकेतल्या पेपरांत फिरली आणि माणसाइतकाच त्याचा सुरा फेमस झाला.

आता हा सुरा होता तरी कसा?

रेझिननं १८३८ मध्ये एका पेपरला पत्र लिहून ते सांगून ठेवलंय. पातं सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकाच बाजूनं धार आणि सरळ. बाक वगैरे काही नाही. बनवला होता शिकारीसाठी. थोडक्यात, आपल्याकडच्या खाटकाच्या सुरीच्या जवळ जाणारी साधी वस्तू.

जिम मात्र त्यानंतर टेक्सासला निघाला. टेक्सास तेव्हा मेक्सिकोत होतं. तिथं तो कॅथलिक झाला, मेक्सिकोचा नागरिक झाला आणि १८३१ मध्ये बड्या घरच्या उर्सुला व्हेरामेंदीशी त्याचं लग्न झालं. त्याच वर्षी तो चांदीच्या हरवलेल्या खाणीच्या शोधातही फिरला. खाण मिळाली नाही. १८३३ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत उर्सुला आणि तिचे आईवडील गेले. त्यानंतर जिमचं पिणं वाढलं.

१८३५ मध्ये टेक्सासनं मेक्सिकोविरुद्ध बंड केलं, त्यात जिम पुढं होता. जानेवारी १८३६ मध्ये तो सॅन अँटोनिओच्या अलामो गढीत पोचला. २३ फेब्रुवारीला मेक्सिकोचा जनरल सांता आनाच्या फौजेनं वेढा घातला आणि लगेचच जिम आजारानं आडवा झाला. १३ दिवसांनी, ६ मार्चच्या पहाटे गढी पडली. जिम अंथरुणावरच मारला गेला. आतल्या लढवय्यांची प्रेतं रचून जाळण्यात आली.

त्याचा सुरा कुठं गेला, हे कुणालाच कळलं नाही.

आणि इथून खरा धंदा सुरू झाला. इंग्लंडमधलं शेफील्ड म्हणजे तेव्हाची चाकू-सुऱ्यांची पेठ. जॉर्ज वोस्टनहोमसारख्या तिथल्या कारखानदारांनी अमेरिकेसाठी बोवी नाईफचा पूर आणला. त्या नावाची दहशत एवढी की १८३७ मध्ये अलाबामानं अशा सुऱ्याच्या विक्रीवर १०० डॉलरचा कर लावला आणि १८३८ मध्ये टेनेसीनं विक्रीच बंद केली.

म्हणूनच आज जुन्या सुऱ्यांच्या बाजारात खरं-खोटं ओळखणं हे मोठं काम आहे. जाणकार सगळ्यात आधी बघतात ते मुठीजवळचं, पात्यावर ठोकलेलं चिन्ह.

शेफील्डच्या कित्येक सुऱ्यांवर मुकुट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना व्ही आणि आर ही अक्षरं असतात. ती राणी व्हिक्टोरियाची. व्हिक्टोरिया गादीवर आली जून १८३७ मध्ये. जिम बोवी मेला मार्च १८३६ मध्ये. म्हणजे ही अक्षरं असलेला सुरा जिमचा असूच शकत नाही, विकणारा कितीही शपथा घेवो. डब्ल्यू आणि आर असेल तर तो राजा चौथा विल्यम, काळ १८३० ते १८३७. जी आणि आर मात्र फसवू शकतं, कारण १८३० पर्यंत चौथा जॉर्ज होता आणि १९१० नंतर पाचवा.

दुसरी खूण म्हणजे देशाचं नाव. अमेरिकेच्या मॅककिन्ली कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर मूळ देश छापणं सक्तीचं झालं. त्यामुळे पात्यावर शेफील्डसोबत इंग्लंडही असेल, तर सुरा बहुतेक त्यानंतरचा.

तिसरी खूण पात्यावर कोरलेला मजकूर. कॅलिफोर्नियाच्या सोन्याचा उल्लेख असेल तर तो १८४८ च्या आधीचा नाही, कारण सोनं सापडलंच तेव्हा. काही पात्यांवर गुलामगिरी संपवू पाहणाऱ्यांना मरण चिंतणारी वाक्यंही आहेत. ती अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गिऱ्हाइकांसाठी, यादवी युद्धाच्या आसपासच्या काळातली. ज्याच्या नावाचा सुरा तो माणसांच्या तस्करीवर मोठा झालेला, हे लक्षात घेतलं की ती वाक्यं आणखी बोचतात.

चौथी खूण आकाराची. १९५२ मध्ये जिमवर द आयर्न मिस्ट्रेस हा सिनेमा आला. त्यातला सुरा भलामोठा, पाठीवर पितळेची पट्टी असलेला. नंतरच्या असंख्य नकला थेट या सिनेमातल्या सुऱ्यावरून निघाल्या. लोकांच्या डोक्यातला बोवी नाईफ बऱ्याच अंशी तिथून आलाय.

मग जिमच्या सुऱ्याच्या सगळ्यात जवळ जाणारं काही शिल्लक आहे का? आहे.

रेझिननं आपल्या मित्रांना भेट म्हणून काही सुरे करवून घेतले होते. त्यातला एक, बॅटन रूजच्या डॅनियल सर्ल्स या कारागिरानं घडवलेला, अलामोच्या संग्रहात आहे. त्याच्यावर तारीख नाही. पण तो ज्याला दिला त्या फाउलर नावाच्या अधिकाऱ्याच्या नावापुढं अमेरिकेच्या ड्रॅगून पलटणीची खूण आहे. ही पलटण उभी राहिली १८३३ मध्ये आणि भेट देणारा रेझिन वारला १८४१ मध्ये. म्हणजे भेट याच आठ वर्षांतली.

सरळ पातं, काळ्या लाकडाची मूठ, तिच्यावर चांदीचं काम. मूठ आणि पात्याच्या मधली आडवी पट्टीसुद्धा नाही. जिमच्या नावानं पुढं विकल्या गेलेल्या हजारो सुऱ्यांशेजारी ठेवला, तर त्याला बोवी नाईफ म्हणून कुणी ओळखणारही नाही.