जॉन पोस्टेल
जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट, १९४३ – १६ ऑक्टोबर, १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. आंतरजालावरील अंकीय पत्त्यांच्या वाटपाची नोंद अनेक वर्षे त्यांच्या देखरेखीखाली होती. त्यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या आयपी मानकात पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. जाळे तेव्हा मुख्यतः संशोधकांपुरते होते. त्यामुळे काही संस्थांना प्रत्येकी १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते सढळपणे दिले गेले. पाठवताना काटेकोर व स्वीकारताना उदार राहावे, हे पोस्टेल यांचे तत्त्वही परस्परविश्वासाच्या त्याच काळातले. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यावर पुढे टीका झाली. १२८ बिटांच्या पत्त्यांचे मानक त्यांच्या हयातीतच, १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले, पण त्याचा स्वीकार रेंगाळला. हृदयविकाराने त्यांचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले. जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला.